कापणाऱ्याला आवरणारं कोण?

आमच्या पुणतांब्यात जंतूंवर जीव जडवणारं माणूस आजवर एकच जन्माला आलं, आणि ते नेमकं धाकटी नणंद म्हणून माझ्या वाट्याला आलं. पुण्याच्या प्रयोगशाळेतून ती दोन दिवसांसाठी घरी आली, तरी पिशवी खाली ठेवायच्या आधी तिथल्या मैत्रिणीला फोन लावून विचारायची, "वाढलेत का गं? उपाशी नाही ना ठेवलेस?" ही चौकशी कुणा मुलाची आहे असं समजून सासूबाईंनी बरेच दिवस देवापुढे जास्तीचा दिवा लावला, ते बाटलीतले जंतू आहेत हे कळल्यावर दोन दिवस त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत. चपात्या लाटतालाटता ती मला सांगायची, की जंतूच्या पोटात कामाचे निरोप आरएनएवर लिहिलेले असतात, काम झालं की एक प्रथिन ते कापून टाकतं, आणि हे सगळं काही मिनिटांत. "वहिनी, मिनिटांत!" असं ओरडताना लाटणं माझ्या नाकाजवळून जायचं आणि तव्यावरची चपाती हमखास जळायची.

मग राहात्याहून तिला बघायला पाहुणे आले. मुलाने साधंच विचारलं, "तुम्ही नक्की काय करता?" आम्ही सगळ्यांनी डोळे मिटले. पोहे गार झाले, चहा दुसऱ्यांदा झाला, मुलगा मोबाईलमध्ये शिरला, तरी हिचं आरएनए कापणं चालूच! मुलाचे वडील पेरूचे बागाईतदार, ते मात्र पुढे सरकून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "पोरी, ते सगळंच कापीत सुटलं तर जंतू मरंल की. मंग कापनाऱ्याला आवरनारं कोन हाय?"

नणंद ताडकन उठली. "काका, तीन वर्षं मी हेच शोधतेय! दुसरं एक प्रथिन येऊन त्याला चिकटतं आणि त्याचा वेग कमी करतं, असा माझा अंदाज आहे. पण चिकटलेलं अजून दिसलं नाही. या वर्षी दिसलं नाही तर काम बंद करावं लागेल."

"दिसंल. धीर नको सोडू."

लग्न जमलं नाही. काका मात्र दर महिन्याला तिला फोन करून विचारत, "चिकटलं का?"

एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात तिचा फोन आला. रडणं आणि हसणं एकदमच. "वहिनी, चिकटलं! तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा चिकटलं! जंतूंना उपाशी ठेवलं की ते प्रथिन वाढतं, कापणाऱ्याला जाऊन धरतं, आणि निरोप टिकून राहतात!" मला निम्मंच कळलं, पण ओला टॉवेल खांद्यावर टाकून "चिकटलं, चिकटलं" करत मी सगळं अंगण पालथं घातलं. राहात्याला तिने स्वतःच कळवलं. संध्याकाळी काका टोपलीभर पेरू घेऊन आमच्या दारात उभे. मुलाचा विषय कुणीच काढला नाही.

त्याच कामासाठी ती आता परदेशात गेली आहे. रविवारी तिचा फोन येतो. सासरे मोबाईल कानाला लावून ओट्यावर बसतात आणि अर्धा तास "व्हय, व्हय" करत राहतात. परवा मी विचारलं, "मामा, काही समजलं का?"

"न्हाई," ते म्हणाले आणि बंद झालेला मोबाईल धोतराला पुसत राहिले. "पन तिला तिथं एवढं ऐकनारं कुनी आसंल का गं?"