ते वाक्य राहू दे

कुठल्या इंग्रजी विशेषणापुढे कोणतं प्रेपोझिशन येतं, हे मला पाढ्यांसारखं पाठ आहे. गुड ॲट, अफ्रेड ऑफ, मॅरिड टू. शाळेत चुकलं की सर पट्टी उभी धरून मारायचे, त्यामुळे पन्नाशीतही चुकत नाही. इथे नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात, आमच्या ऑफिसात, याचं कुणाला काहीच नाही. आमचा डच मॅनेजर ‘मॅरिड विथ’ खुशाल म्हणतो. मराठी मंडळी मात्र काही लिहिलं की आधी माझ्याकडे आणतात.

तशीच ती आली, शनिवारी सकाळी, सायकलवरून. मूळची नाशिकची, आमच्याच टीममध्ये टेस्टिंग करते. तिचा करार संपत आला होता आणि इथे राहण्याचा परवाना त्या करारावरच होता. मॅनेजरने तिच्याकडून वर्षभराच्या कामाबद्दल एक पान लिहून मागितलं होतं.

“दादा, ते ऑफ, फॉर, इन तेवढं बघा. माझं तिथेच घोडं पेंड खातं.”

मी पेन घेतलं. ‘केपेबल टू’चं ‘केपेबल ऑफ’ केलं, ‘इंटरेस्टेड फॉर’चं ‘इंटरेस्टेड इन’. मग एका वाक्यावर थांबलो. मार्चमध्ये झालेल्या दोन आठवड्यांच्या उशिराला आपण ‘रिस्पॉन्सिबल ऑफ’ आहोत, असं तिने लिहिलं होतं.

तो उशीर माझ्यामुळे झाला होता. मशीनच्या भागांची मापं बदलली होती आणि मी तिला जुन्या मापांची फाइल पाठवली. तिने दोन आठवडे त्यावरच चाचण्या केल्या. चूक लक्षात आल्यावर मी नवी फाइल गुपचूप सगळ्यांच्या फोल्डरमध्ये टाकून दिली. तिने विचारलं तर सांगायचं, असं ठरवलं होतं. तिने विचारलं नाही.

मी ‘ऑफ’ खोडून ‘फॉर’ लिहिलं.

“हे वाक्य ठेवू की काढू?” तिने विचारलं.

“राहू दे. इथल्या लोकांना सरळपणा आवडतो.”

असं मी का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही. घाबरलो म्हणावं, तर कशाला? माझी नोकरी कायमची आहे, पासपोर्टही आता इथलाच आहे. जायचं असलंच तर तिचं जाणार होतं. ती “बरं” म्हणाली, पोहे खाल्ले आणि गेली.

बुधवारी कँटीनमध्ये ती समोर येऊन बसली. “कराराचं उद्या ठरवणार आहेत. उशिराबद्दल विचारत होता मॅनेजर.”

“मग काय सांगितलंस?”

“पानावर आहे तेच.”

“ती फाइल जुनी होती. मीच पाठवली होती.”

“माहितीये की,” डब्याचं झाकण लावत ती म्हणाली. “फाइलवर तारीख असते, दादा.”

“मग माझं नाव का नाही घेतलंस?”

“पान तुमच्याकडेच आणलं होतं ना. तुम्हीच म्हणालात, राहू दे.”

ती रागावली होती का, तेही कळेना. उठताना तिने उरलेलं अर्धं थालीपीठ माझ्या ताटलीत ठेवलं.

मी तसाच मॅनेजरकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तू तिचं पान तपासलंस, ते वाक्य वाचलंस आणि तसंच ठेवलंस?”

“हो.”

“का?”

मी पुन्हा फाइलचंच सांगू लागलो. त्याने वहीत काहीतरी टिपलं आणि दार उघडून धरलं.

तिचा करार वर्षभरासाठी वाढला. माझ्या सांगण्याने वाढला की तो वाढणारच होता, हे मॅनेजरने सांगितलं नाही, आणि त्याला विचारायचा माझा धीर होत नाही. तिला विचारावं, तर ती माझ्याकडे कधी सगळं माहीत असल्यासारखी बघते, कधी काहीच झालं नसल्यासारखी.