वीस गाठींचं पाणी

अभिमन भोई धुळ्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांकडे कामाला होता. कागदावर प्रयोगशाळा परिचर, पण बाटल्या वाहणारा माणूस हमालच की हो! सातवी नापास. मात्र होडी अशी चालवायचा की सरांनी त्याला बघताक्षणी उचलला. दर पंधरा दिवसांनी एकट्याने सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणावर जायचं, बारीक जाळीतून पाण्यातले डोळ्याला न दिसणारे जीव गाळायचे आणि दोराला बांधलेली बाटली खोल सोडायची. दोराला मीटरमीटरवर गाठ, एकूण वीस. वरचं, मधलं, तळाचं, प्रत्येक पाण्याची बाटली वेगळी. प्रत्येकीत दोन औषधं टाकायची. पाण्यात हवा असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. एवढीच त्याची विद्या, पण तोंडपाठ.

आणि नेमकी तिथेच त्याने माती खाल्ली. सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर त्याचा खांदा धरला. वीस गाठी वर ओढणं जिवावर यायला लागलं. मग आमचे अभिमनसाहेब काय करायचे? सगळ्या बाटल्या वरच्याच पाण्याने भरायचे आणि चिठ्ठ्या तेवढ्या वेगवेगळ्या चिकटवायचे. तीन महिने! सर बिचारे धुळ्यात तपकिरी साका बघून धरण तळापर्यंत ठणठणीत असल्याचं वहीत लिहीत गेले. इकडे केळीच्या बागांतलं खत वाहून धरणात आलेलं, पाण्यावर हिरवी साय माजलेली, ती मरून तळाशी कुजत होती. काठावर वास यायचा. अभिमनला नाक नव्हतं का? होतं ना.

डिसेंबरात दोन दिवस बोचरा वारा सुटला. तिसऱ्या सकाळी धरणभर मासे पोट वर करून तरंगत होते. मच्छीमार सोसायटीचा चेअरमन रतिलाल काठावर बसून रडला, आणि रडून झाल्यावर त्याला धरायला माणूस हवा झाला. सापडलाही. पाड्यावरचा वेस्ता मेलेले मासे टोपलीत भरत होता. नाल्याच्या डबक्यात झाडाची साल कुटून टाकायची, मासे गुंगले की हाताने धरायचे, ही पाड्याची जुनी रीत. वेस्ताच्या झोपडीत सालीची भुकटी निघाली. मूठभर भुकटीने अख्खं धरण मरतं का, एवढा साधा प्रश्न एकालाही पडू नये? त्याला बाभळीला बांधून तुडवला, पण जीव राखून. रतिलालने धुळ्याच्या सरांना बोलावणं धाडलं होतं, शिकलेला माणूस काय सांगतो ते बघू म्हणून.

दुपारी सर जीपमधून उतरले, मागे अभिमन. सरांनी वही चाळली आणि प्रामाणिकपणे सांगितलं की पंधरवड्यापूर्वी तळालाही हवा भरपूर होती, पाण्याचा दोष दिसत नाही. पुन्हा तपासायला हवं, असंही ते म्हणाले. पण ते ऐकायला थांबलं कोण?

रतिलालने वल्हं उचललं. पहिला घाव वेस्ताच्या उजव्या हातावर बसला आणि हाड मोडल्याचा आवाज अभिमनने ऐकला. वेस्ताची बायको सोनीबाई आडवी आली, तिला केसांना धरून फरपटत नेली. सर मध्ये पडले तर चष्म्यासकट गाल फुटला. ड्रायव्हरने त्यांना जीपमध्ये कोंबलं आणि धूम ठोकली. अभिमन तिथेच उभा. तोंड उघडलं की नोकरी गेली, आणि घरात सहा खाणारी तोंडं. दुसरा घाव गुडघ्यावर पडला. वेस्ता गुरासारखा ओरडला. तरी अभिमन उभाच! मग कुणीतरी कुऱ्हाड आणली.

कुऱ्हाड दिसली तेव्हा कुठे त्याचे पाय हलले. तो वेस्तासमोर जाऊन उभा राहिला.

"मारू नका. बाटल्या मी खोट्या भरल्यात."

कुणाला काही उमजेना. त्याने होडीत कायम असायची ती औषधांची पेटी आणली. एका बाटलीत विहिरीचं पाणी घेतलं, दुसरीत धरणाचं, आणि दोन्हींत औषधं टाकली. विहिरीचं पाणी तपकिरी झालं, धरणाचं दुधासारखं पांढरं. मग धरणाचं नुसतं पाणी ओंजळीत घेऊन त्याने रतिलालच्या नाकाला लावलं. सडक्या अंड्यांचा भपकारा. वाऱ्याने तळाचं हवा संपलेलं पाणी वर आलं आणि मासे गुदमरले, असं त्याने सांगितलं. तळाची बाटली खरी भरली असती तर सरांनी महिनाभर आधी सावध केलं असतं, मासे वेळेत काढता आले असते, हेही सांगून टाकलं.

रतिलालने वेस्ताला सोडायला लावलं. मग तेच वल्हं अभिमनच्या तोंडावर हाणलं. चार दात गेले. बाकीच्यांनी पाय दुखेपर्यंत लाथा घातल्या. त्याने हात वर केला नाही.

दवाखाना पलीकडच्या काठाला. दुसरं कुणी वल्हं हातात घेईना, तेव्हा रक्त थुंकत अभिमननेच होडी काढली. वेस्ता बेशुद्ध, त्याचं डोकं सोनीबाईच्या मांडीवर. मेलेले मासे बाजूला सारत होडी चालली होती. मध्यावर आल्यावर तिने विचारलं,

"पहिले हात मोडना तवय तू तठेच उभा व्हता ना?"

"व्हतो."

"मंग का बोलना नहीस?"

"नोकरी जाई म्हनीसन."

तिने नवऱ्याचा मोडलेला हात उचलून आपल्या पदरात घेतला आणि काठ येईपर्यंत अभिमनकडे पाहिलं नाही.