मावशीचा चढलेला दात

मिश्री लावून लावून माझ्या मावशीचे सगळे दात पन्नाशीतच गेले. देवगाव रंगारीला ती कितीतरी वर्षं भाकरी दुधात कुस्करून खात राहिली. शेवटी आईनंच तिला औरंगाबादला आमच्याकडं आणलं आणि आम्ही तिघी औरंगपुऱ्यातल्या दातांच्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी हिरड्यांचं माप घेतलं. पुढच्या खेपेला मेणात बसवलेले दात मावशीच्या तोंडात ठेवून हातात आरसा दिला. एका ओळीत, सरळ, पांढरेशुभ्र. मावशीनं नाक मुरडलं.

"डॉक्टरसाहेब, हे माझे नाईत."

"आजी, कवळी आहे. नवीच दिसणार की."

"तसं नाय. माझा पुढचा एक दात दुसऱ्यावर चढेल होता. तसाच बसवा. हे घालून गेले तर घरचे वळखायचे बी नाईत."

डॉक्टरांना हसू आवरेना. लोक वाकडे दात सरळ करायला येतात, म्हणाले. तरी जुना फोटो असेल तर बघू. फोटो कुठला? लग्नातल्या एकुलत्या एका फोटोत मावशीचं तोंड घट्ट मिटलेलं. मग ती आईकडं वळली.

"इकडं ये गं. दाखव साहेबाला."

आईचा दात अगदी तसाच. त्यापायी ती जन्मभर हसताना तोंडावर पदर धरायची. "चल, जाऊ घरी," ती माझ्या कानात पुटपुटली. पण थोरल्या बहिणीपुढं काय चालणार! बसली खुर्चीत, केला आ. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढून बराच वेळ निरखलं.

"खरं सांगू? छान दिसतो हा," ते म्हणाले.

आई लाजून खिडकीबाहेर बघत राहिली.

कवळी बसली आणि मावशीचा 'स' शीळ घालायला लागला. ती 'साखर' म्हणाली की आम्ही हसायचो, ती आमच्याहून मोठ्यानं. तिला गावी सोडायला मीच गेले. काका ओसरीवर शेंगा फोडत होते. मावशी हसली तसे त्यांचे हात थांबले.

"हा कुठं सापडला?" एवढंच म्हणाले.

पुढं हुरड्याच्या दिवसांत गेले, तर कवळी वाटीतल्या पाण्यात आणि मावशी नुसत्या हिरड्यांनी हुरडा चघळतेय.

"अगं, दात?"

"बारीक कण लई अडकतात. खायला हिरड्याच बऱ्या. दात पाव्हण्यांशी बोलायला," म्हणत तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं.