सीतेच्या वेणीची कुंडी

आज गॅलरीतली कुंडी उपडी केली आणि नारळाच्या कुजलेल्या सोडणांचा तोच आंबूस वास आला. मुळांचा बोटांत नुसता लगदा झाला. सीतेची वेणी, म्हणजे रानात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं ऑर्किड. माझ्या हातून गेलेलं हे चौथं.

पहिलं आईनं आणलं होतं. वडील गेल्यावर मी तिला हिर्डोशीहून भोरला, माझ्या फ्लॅटवर आणलं, त्या दिवशी. बांधावरच्या उन्मळलेल्या आंब्यावरून तिनं ते सोडवलं होतं आणि सोबत पिशवीभर खाचरातली माती घेतली होती. भाताचं रोप लावावं तसं ती ते चिखलात रोवू लागली.

"आई, याला माती चालत नाही," म्हणत मी नारळाची सोडणं पुढे केली.

"माती न्हाई? मंग जगंल कशावर?"

"हवेवर," मी हसून म्हणालो.

आमच्या दमट हवेत सोडणं वाळलीच नाहीत, श्रावणातच ते कुजलं. पुढच्या पावसाळ्यात आई गेली. आता कोळसा आणि विटांचे तुकडे घालून बघेन, पण त्यानंही काही होणार नाही.

तिनं आणलेली खाचरातली माती मी ती आली त्याच दिवशी गटारात ओतली होती आणि तिला म्हणालो, "आधी हात धू." तिनं नळाखाली हात धरले, नखं मात्र चोळली नाहीत.