हरलो की मुलगा दिसतो

माझा मुलगा टीव्हीवर दिसतो, हे गावात सांगून मी चांगलीच फसले.

पहिल्या सामन्याला गल्लीतल्या बायका आणि त्यांचे नवरे माझ्या पुढच्या खोलीत येऊन बसले. चहा झाला, सामना सुरू झाला, मैदानावर पळापळ सुरू झाली आणि तिच्यात माझा मुलगा कुठंच नव्हता. तो कडेला बाकावर बसलेला. अर्धा खेळ संपला तरी उठेना. तेव्हा भावकीतल्या एका काकांनी अगदी कळवळून विचारलं, "लेकराला काहून उतरवून नाही राहिले?" मी समजावलं की तो खेळत नाही, शिकवतो. संघाचे जे मुख्य प्रशिक्षक आहेत त्यांचा तो मदतनीस. काका "व्हय, व्हय" म्हणाले. पण नापास पोराची आई पेपर अवघड होता म्हणून सांगते, तेव्हा लोक जसं पाहतात तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पुढच्या सामन्याला कोणी आलं नाही. क्रिकेट असतं तर बाकावरच्या पोरालाही हारतुरे घातले असते या लोकांनी.

मग मी एकटीच पाहू लागले. तशी मी सगळंच एकटी करते. हे गेल्यापासून शेत बटईनं दिलंय, जवळा बाजारला बाजाराच्या दिवशी जाते, बाकी दिवसभर बोलायला कोणी नाही. स्वयंपाक एका माणसाचा करायचा म्हणजे शिक्षाच असते. भाजी पुरत नाही किंवा उरते, बराबर कधीच होत नाही. संध्याकाळी सामना असला की मी दार उघडं ठेवून टीव्ही लावायची. दार उघडं असलं की घरात माणसं असल्यासारखं वाटतं.

फुटबॉल मला अजून धड कळत नाही, पण एक गोष्ट मी स्वतः शोधून काढली. संघ जिंकत असला की कॅमेरा खेळाडूंच्या मागं धावतो. हरायला लागला की तो पुन्हा पुन्हा प्रशिक्षकाच्या तोंडावर येतो. कसं तोंड करून बसलाय, घाम फुटलाय का, हे लोकांना पाहायचं असतं. आणि त्या मुख्य प्रशिक्षकांच्या, म्हणजे साहेबांच्या, खांद्यामागं माझा मुलगा बसायचा. अर्धाच दिसायचा. एक कान, अर्धा गाल, जाकिटाची कॉलर. पोळ्यापासून तो घरी आला नव्हता, त्यामुळं मला तेवढाही पुष्कळ होता. त्या हंगामात संघ हरतच सुटला. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू, आणि बरंही वाटायचं.

साहेबांचं ऋण मोठं. नांदेडला कॉलेजात खेळताना मुलाचा गुडघा गेला, त्याचं खेळणं संपलं. तेव्हा एका शिबिरात भेटलेल्या या माणसानं त्याला थेट आपल्या शहरात, आपल्या घरात नेलं. वर्षभर ठेवून घेतलं, खेळ शिकवायला शिकवलं. समुद्राकाठचं घर ते. आमच्या चुलीवर कधी मासा चढला नाही, आणि तिथं साहेबांच्या बायकोच्या हातचा मासा-भात खाऊन हा जाडजूड झाला. ते मला सांगताना फोनवर त्याची जीभ अडखळत होती. मी म्हणाले, खा बाबा, वाढणाऱ्या हाताला नाही म्हणू नये.

हळदीचा पाला वाळायला लागला होता तेव्हा त्याचा फोन आला. सलग सहावा सामना हरून संघ परतला होता.

"आई, साहेबांना काढायचं का ठेवायचं, ते ठरवून राहिले. संघाचे मालक एकेकाला बोलावून विचारणार हायेत. मलाबी."

"मग?"

"ठेवा म्हटलं तरी साहेब जातीलच. आज न्हाई तर महिन्यानं. अन् त्यांच्यासंगं मीबी जाईन. येईन घरी, हळद काढायला." मग आवाज उतरवून म्हणाला, "काढा म्हटलं तर राहिलेले सामने माझ्याच गळ्यात टाकतील."

घरी येईन, हा शब्द ऐकला आणि माझं निम्मं लक्ष उडालं. कोणती खाट बाहेर काढायची, कोणती गोधडी उन्हात टाकायची, इथपर्यंत मी जाऊन आले. मी फक्त एवढं म्हणायची खोटी होती की ज्यानं जेवू घातलं त्याच्याविरुद्ध बोलू नये. कुठल्याही आईनं म्हटलं असतं, आणि माझं लेकरू हळदीच्या काढणीला घरात आलं असतं.

पण मला समोरचं घर दिसत होतं.

समोर माझी चुलतजाऊ राहते. माझ्यापेक्षा मोठी, लग्न होऊन आले तेव्हा मला इथल्या चुलीची ओळख तिनं करून दिली. काही वर्षांपूर्वी ती सरपंच होती आणि मी ग्रामपंचायतीची सदस्य. माणूस सोन्यासारखं, पण कारभार तिच्यानं होईना. पाण्याची मोटार जळाली, तर अख्खा उन्हाळा "करू, बघू" म्हणण्यात गेला आणि बायका मळ्यामळ्यांतून घागरी वाहत राहिल्या. शेवटी अविश्वास ठराव आला. आमच्याकडं अशा वेळी रीत आहे. मतदानाच्या आधी सदस्यांना गाडीत घालून सहलीला नेतात, म्हणजे दुसऱ्या बाजूनं फोडू नये. थेट तहसीलदारांपुढं आणून उभं करतात. मलाही न्यायला गाडी आली. मी म्हणाले, हात वर करायचा तर करीन, पण लपून बसणार नाही. बाकीचे गेले देवदर्शनाला आणि मी राहिले घरात, तिच्या दारासमोर.

दुसऱ्याच दिवशी ती आली आणि उंबऱ्यातूनच विचारलं, "तू कोणाकडनं?"

"तुमच्या इरोधात," मी म्हणाले. "तुमच्यानं होऊन नाही राहिलं, जाऊबाई."

ती उंबऱ्यातूनच परत गेली. मी हात वर केला, ती उतरली, मोटार बसली, पाणी आलं. आजही मी तोच हात वर करीन. पण त्या दिवसापासून तिचा शब्द नाही. दारासमोर दार आहे म्हणायचं, आणि इकडून तिकडं वाटीभर भाजीसुद्धा गेली नाही. मीही मानी, तीही मानी. तिनं तोंड फिरवलंय तर मी कशाला जाऊ?

तर हे सगळं मनात असताना मी मुलाला विचारलं, "तुला काय वाटतं ते सांग. माझं सोड."

तो म्हणाला, "पोरं आता त्यांचं ऐकत न्हाईत आई. ते बोलतेत तेव्हा बुटाच्या नाड्या बांधत बसतेत. साहेबांनी जायला पाहिजे."

"मग तसंच सांग. पण आधी साहेबांच्या दारात जाऊन त्यांना सांग, मग मालकाला."

"त्यांनी जेवू घातलंय गं मला."

"म्हणून तर आधी त्यांना सांगायचं," मी म्हणाले आणि फोन ठेवला. गोधडी काढायची राहिली. रात्रीचं जेवणही मी केलं नाही, भाजी तशीच उरली.

त्यानं तसंच केलं. साहेबांनी ऐकून घेतलं, "ठीक आहे" म्हणाले आणि दारापर्यंत सोडायला आले. आठवड्यात ते गेले आणि माझा मुलगा त्यांच्या जागी उभा राहिला. गावात बातमी पसरली की बाकावरचं पोरगं अखेर उठलं. काकांनी रस्त्यात थांबवून माझं अभिनंदन केलं.

पहिला सामना हरले. दुसराही हरायला लागले. आणि कॅमेरा आला. आता मध्ये कोणाचा खांदा नव्हता. अख्खा मुलगा दिसत होता, कपाळापासून हनुवटीपर्यंत. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली, शेजारची खुर्ची रिकामी. दुसरा गोल बसला, कॅमेरा त्याच्यावर. तिसरा बसला, पुन्हा त्याच्यावर. मागं लोक हातात पाट्या धरून ओरडत होते, आणि पाट्यांवर काय असणार ते वाचायची मला गरज नव्हती. इतके महिने ज्याच्यासाठी डोळे ताणले ते तोंड समोर होतं आणि मला ते बघवेना. नका दाखवू त्याला, असं मी टीव्हीला म्हणत होते. पदर तोंडाला लावून मी रडले. घरात कोणी नव्हतं, त्यामुळं आवरायचं कारणही नव्हतं.

"काढतेत का त्याला?"

आवाज रस्त्यापलीकडून आला. जाऊबाई आपल्या ओट्यावर बसली होती. माझं दार उघडं, टीव्ही तिच्या समोर. इतके दिवस तीही सामने पाहत होती, आणि मला पत्ता नव्हता.

"अजून न्हाई," मी म्हणाले.

"काढतील," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "घरी आला की बोलत जाय त्याच्याशी. मला उतरवलं तवा कोणीच आलं न्हाई. हात तू वर केला त्याचं काई न्हाई, तोंडावर सांगितलं होतंस. पण नंतर येशील म्हणून मी लई दिवस दार लोटलं न्हाई."

एवढं बोलून ती आत गेली. मी तिथंच बसून राहिले. ती रागावली म्हणून मी गेले नाही आणि मी गेले नाही म्हणून ती रागावली, असं आमचं चाललं होतं, आणि त्यात म्हातारपण आलं.

सामना संपल्यावर मुलाचा फोन आला. साहेब फोन उचलत नाहीत, म्हणाला. रोज लावतो.

"फोन कशाला लावतो? जाऊन बस दारात."

"जाऊन काय सांगू?"

"काई सांगू नको. बस नुसता."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पुन्हा फोन केला. घराला कुलूप होतं. साहेब बायकोला घेऊन आपल्या गावी निघून गेले होते, सामानाचा टेम्पो दोन दिवसांआधीच गेला, असं खालच्या दुकानदारानं सांगितलं. गावचा पत्ता त्या दुकानदारालाही माहीत नव्हता. "उशीर झाला आई," तो म्हणाला. मला त्याला जवळ घ्यायचं होतं आणि मध्ये दोन राज्यं होती.

त्या संध्याकाळी सामना नव्हता. मी टीव्ही लावला नाही. रिकामी वाटी घेतली, चपला घातल्या आणि समोर गेले. जाऊबाई चुलीपुढं बसली होती. मी साखर मागितली. माझा डबा भरलेला होता आणि ते तिलाही कळलं असणार. तिनं वाटी भरली, पण हातात दिली नाही. पाट पुढं सरकवला आणि म्हणाली, "बस."