आबांचा नवस आणि अळंबीचा रस्सा

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, नवसाला भलतेच पक्के. मी शाळेत असताना तापानं फणफणले, डॉक्टरांनीही हात टेकले, तेव्हा आबांनी भांडगावच्या देवळात मटण सोडलं. पोर वाचू दे, जन्मात प्राणी तोंडात घालणार न्हाई, असं बोलले. मी वाचले. तेव्हापासून त्यांची खात्री, की आपण एक घास खाल्ला की तिकडं पोरीचा कारभार आटोपला! बरं, जत्रेला भावकीचं मटण अजून तेच शिजवतात. मीठ नुसत्या वासावर ओळखतात. सगळ्यांना आग्रह करकरून वाढतात आणि स्वतः ठेचा-भाकरी घेऊन कोपऱ्यात बसतात. मला दयाही यायची, रागही यायचा.

आता मी दौंडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. परवाच्या रविवारी बाजारातून अळंबी घेऊन घरी गेले आणि काळ्या मसाल्यातला झणझणीत रस्सा केला. आबा भुरके मारत जेवले, टकलावर घाम आला तरी थांबेनात. मग एकदम हात थबकला.

"लईच मटणावानी लागतंय गं. झाड हाय का प्राणी?"

गपचूप भाजी म्हणायचं की नाही? पण अंगात मुरलेली मास्तरकी!

"दोन्ही नाही, आबा. हे कवक. त्यांचा गटच वेगळा धरतात."

"आँ? चरतंय ते जनावर, उगवतंय ते झाड. मधी हे आन् कोण घुसलं?"

"उगवतं, पण झाडासारखं स्वतःचं अन्न बनवत नाही. खरं सांगायचं तर झाडापेक्षा प्राण्यांनाच जवळचं."

"म्हंजी भावकीतलंच निघालं की!"

आबांनी ताट लांब सरकवलं. चेहरा पार उतरला. उजवा हात रश्श्यानं भरलेला, म्हणून डावा हात पुढं करून त्यांनी माझ्या कपाळाला लावला. ताप बघत होते! मला हसू फुटलं.

"आबा, जवळचं असलं तरी प्राणी नाही हो. त्यांचं घर वेगळं."

"तुझी घरं ऱ्हाऊ दे. तुझ्या जिवाला काय व्हनार न्हाई ना, तेवढं सांग."

"काही होत नाही. ही काय, बसलेय ना तुमच्यासमोर."

मग कपाळावरचा हात न काढता, दुसऱ्या हातानं त्यांनी ताट पुढं ओढलं.