बोअरिंगवाले नाना

नवा पिस्टन हातात आला की नाना आधी त्याचा पुठ्ठ्याचा डबा फेकून देत. डब्यावर मोठ्या आकड्यांत माप छापलेलं असे, पण ते तिकडे बघतही नसत. "डब्बावर लिखेल शे ते डब्बानं माप शे," म्हणत, "पिस्टननं नही." मग चारही पिस्टन फडक्यावर मांडून एकेकाला मायक्रोमीटर लावत. कोणता पिस्टन कोणत्या सिलिंडरमध्ये जाणार हे ठरल्याशिवाय इंजिनाचा ब्लॉक मशीनवर चढत नसे.

ऐंशीच्या दशकात धुळ्यात माझं लहानसं गॅरेज होतं. जीपगाड्या आणि जुन्या मोटारींची इंजिनं मी उतरवायचो, बांधायचो. पण झिजलेला ब्लॉक आतून कापून मोठा करायचा, म्हणजे बोअरिंग, तर नानांकडेच जायचं. कंपनीचे पिस्टन मागवले तर महिनोन्महिने येत नसत. गाड्या चालायच्या त्या बाजारात मिळणाऱ्या, दुसऱ्याच कोणी बनवलेल्या पिस्टनांवर. एका डब्यातले चार पिस्टनही सारखे निघत नसत. फरक एखाद-दोन थाऊंचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाचा; पण तेवढ्यानं इंजिन एक तर तेल प्यायचं, नाही तर तापून जाम व्हायचं. नानांच्या हातच्या ब्लॉकचं तसं कधी झालं नाही. साक्रीपासून यावलपर्यंतचे ड्रायव्हर "नानांचा बोअर आहे" असं सांगत, तेव्हा पुढे कोणी काही विचारत नसे.

शेवटचा काप ते फक्त सकाळी, उजाडता उजाडता घेत. आमच्याकडचा उन्हाळा, दुपारी लोखंडाला हात लावला तर चटका बसायचा. तापलेल्या ब्लॉकचं माप खरं नसतं, असं त्यांचं म्हणणं. कितीही अडलेलं गिऱ्हाईक असो, ब्लॉक रात्रभर पिस्टनांशेजारी ठेवून निवू द्यायचाच. सकाळी गेलं तरी आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवत. आत फक्त दोघं, नाना आणि अक्का.

अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. शिरपूरकडच्या खेड्यातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या. थाऊ, दशांश हे सगळं नानांनी त्यांना लग्नानंतर शिकवलेलं. मशीनशेजारी स्टुलावर पाटी घेऊन बसायच्या. नाना माप घेत आणि "हात तेलकट आहेत, तूच लिही" म्हणून मायक्रोमीटर त्यांच्या हाती देत. त्या आकडा मोठ्यानं वाचत, पाटीवर लिहीत आणि खडूनं ब्लॉकवरही टाकत. काम झालं की त्याच खडूभरल्या बोटांनी आम्हाला चहा आणून देत. एकदा मी वीस थाऊंचे, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे मोठे, पिस्टन घेऊन गेलो, तर पाटी बघून त्या म्हणाल्या, "भाऊ, तीस लागतील." मी नानांकडे बघून हसलो. नाना हसले नाहीत. म्हणाले, तीसचे घेऊन या. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

एका उन्हाळ्यात अक्कांना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. नानांनी दुकान उघडलं नाही. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. मशीनवर चादर घातलेली, आणि नाना मशीनकडे तोंड करून बसलेले. दीड महिना असाच गेला. माणसानं कामाला हात घातला की दुःख हलकं होतं असं मला वाटायचं. तेव्हा माझ्या घरात कोणी गेलं नव्हतं.

त्याच सुमारास साक्रीच्या सुकलालची जीप आली. आठवड्याच्या बाजारांना माणसं नेणारी गाडी, तिच्यावर त्याचं घर चाललेलं. ब्लॉक पार झिजलेला. मी नानांना विचारलं. "आते नको, भाऊ," एवढंच म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. ब्लॉक आणि पिस्टन टेम्पोत घालून त्यांच्या दारात उतरवले आणि म्हणालो, तुमच्याशिवाय हे कोणाला द्यायचं? नानांनी ब्लॉकवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाले, ठेवून जा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते चालत माझ्या गॅरेजात आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. सोबत चला म्हणाले. दुकानात ब्लॉक मशीनवरच होता. दुसऱ्या सिलिंडरकडे बोट दाखवून त्यांनी मला पिस्टन आत सोडायला सांगितलं. अलगद उतरायला हवा होता, तो खडखडत खाली गेला. मी माप घेतलं. पंचवीस थाऊ जास्त कापलं गेलं होतं. मायक्रोमीटरचा बरोबर एक पूर्ण फेरा; मोजताना तेवढा एक फेरा चुकला होता. एवढा मोठा पिस्टन त्या गाडीला कुठेच मिळणार नव्हता.

नाना स्टुलाजवळ उभे होते. त्यावर बसले नाहीत. "माले आकडा दिखत नही, भाऊ," ते म्हणाले. "सात वरीस व्हयनात. ती वाचे, मी कापू."

बाहेरच्या बाकावर आम्हाला का बसवत होते, ते आत्ता कळलं. मी म्हणालो, उद्यापासून मी येतो, मी वाचतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तुम्ही वाचाल, पण माझं चुकायला लागलं तर भिडेपोटी सांगणार नाही, म्हणाले. ती जागच्या जागी हात धरायची.

सुकलालला मी काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होतो. नानांनी तसं करू दिलं नाही. त्याला समोर बसवून त्यांनी स्वतः सांगितलं. सुकलाल म्हणाला, "दुसऱ्यानं तसंच बांधून दिलं असतं, नाना. मला रस्त्यात कळलं असतं."

त्या सिलिंडरमध्ये स्लीव्ह, म्हणजे लोखंडी नळी ठोकून ब्लॉक वाचवता येणार होता. ते काम जळगावला व्हायचं. नाना माझ्याबरोबर टेम्पोतून आले. तिथला तरुण कारागीर त्यांना नावानं ओळखत होता. त्यानं आपली खुर्ची पुढे केली आणि कुठल्या अडाण्यानं हा ब्लॉक कापला, असं मला विचारलं. मी काही बोलायच्या आत नाना स्वतःकडे बोट करून म्हणाले, "चूक मनी शे." तो पोरगा लाल झाला. खुर्ची रिकामीच राहिली. स्लीव्ह बसून तिचा बोअर होईपर्यंत नाना उभे होते. शेवटी आतून अंगठा फिरवून त्यांनी काम चांगलं झालं म्हणून सांगितलं.

महिन्याभरात मशीन विकलं गेलं आणि नाना यावलला मुलीकडे राहायला गेले. वर्षानंतर मी भेटायला गेलो. तोवर त्यांना माणूस आवाजावरूनच ओळखू येत होता. मुलगी चहाला आत गेली तेव्हा मी मनातलं बोललो. मी तो ब्लॉक दारात टाकला नसता तर तुमच्या हातून हे झालं नसतं, तुमचं नाव तसंच राहिलं असतं.

नाना म्हणाले, ब्लॉकचं मनाला लावून घेऊ नका, तो सुधारला. चेहरा माझ्याकडे नव्हता, रस्त्याकडे होता. "लोके मनं नाव लेतस," ते म्हणाले. "वाचे ती. पन मी कोनले सांगं नही. ती जिवत व्हती तवय बी सांगं नही." आणि ते रडायला लागले. मुलगी कप घेऊन दारातच थांबली.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मुलीचं पत्र मला उशिरा मिळालं. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

नानांनी कापलेल्या इंजिनांपैकी काही त्यानंतरही बरीच वर्षं चालली. एखादा म्हातारा ड्रायव्हर गॅरेजात येऊन नानांच्या हाताची गोष्ट काढायचा. मी त्याला थांबवून अक्कांचं सांगायचो. सात वर्षं मापं त्या वाचत होत्या, त्यांच्या डोळ्यांवर नाना कापत होते. तो नीट ऐकून घ्यायचा. हो का, म्हणायचा. आणि निघताना पुन्हा म्हणायचा, काही म्हणा, नानांसारखा माणूस होणार नाही.